सहा शिक्षकांचा एक अभ्यासक्रम: मॉड्यूलची मांडणी कशी जुळवायची?

वाचकाचं पत्र

'तासगावच्या आमच्या महाविद्यालयात बेदाणा निर्मितीचा दोन क्रेडिटचा ऑनलाइन अभ्यासक्रम आम्ही सहा शिक्षक मिळून चालवतो. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर दहा मॉड्यूल आहेत, आठवड्याला एक. पहिल्या बॅचला साठ मुलं होती. बरीचशी तासगाव, कवठेमहांकाळ, जत, मिरज भागातली आणि मोबाइलवरच शिकणारी. शेवटी अभिप्राय घेतला. विषयाबद्दल तक्रार नाही, पण "काय कुठं आहे तेच सापडत नाही", "स्वाध्याय कधीपर्यंत द्यायचा ते कळलं नाही" असं बहुतेकांनी लिहिलं. निम्म्या मुलांचे स्वाध्याय आलेच नाहीत. प्रत्येक सरांची मांडणी वेगळी आहे, पण ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते कसं सांगायचं? एका मॉड्यूलमध्ये किती साहित्य असावं? आणि आधीचं पूर्ण केल्याशिवाय पुढचं उघडणार नाही असं कुलूप लावलं तर मुलं स्वाध्याय देतील का? जानेवारीत दुसरी बॅच सुरू होते आहे. सोबत चौथ्या मॉड्यूलचा स्क्रीनशॉट जोडला आहे.'
— एक प्राध्यापिका, तासगाव

उत्तर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आधी एक विनंती. जानेवारीपर्यंतचा वेळ नवे व्हिडिओ करण्यात घालवू नका. तुमची मुलं विषयाला नावं ठेवत नाहीत, म्हणजे शिकवणं ठीक चाललं आहे. बिघडलंय ते नाव, क्रम आणि सूचना या तीन ठिकाणी. ते दुरुस्त करायला कॅमेरा लागत नाही. सगळ्यांना मान्य असलेला एक सांगाडा आणि तो राखणारी एक व्यक्ती एवढं पुरतं.

तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये डिपिंगच्या, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षाचे घड द्रावणात बुडवण्याच्या, मॉड्यूलखाली ओळीनं काय दिसतं पाहा: 'डिपिंग फायनल', 'व्हिडिओ २', 'नोट्स नवीन', 'टेस्ट', 'असाइनमेंट'. ज्या सरांनी हे चढवलं त्यांना यातला प्रत्येक शब्द कळतो. जतहून रात्री नऊ वाजता फोनवर हे पान उघडणाऱ्या मुलाला मात्र पाचही गोष्टी उघडून पाहाव्या लागतात. 'व्हिडिओ २' आहे तर १ कुठं गेला? 'नोट्स नवीन' वाचायच्या की जुन्याही? पुढच्या आठवड्यात दुसरे सर, दुसरी पद्धत, म्हणजे शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून. साठ मुलांची दहा आठवड्यांची एवढी शक्ती साहित्य हुडकण्यात जाते, आणि ती सगळी वाचवता येते.

सांगाडा ठरवताना शिक्षकाकडं काय साहित्य आहे इथून सुरुवात करू नका. आठवड्याच्या शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे, तिथून मागं या. 'विद्यार्थी डिपिंगची प्रक्रिया समजून घेईल' हे उद्दिष्ट तपासता येत नाही. 'विद्यार्थी २०० लिटर द्रावणासाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल किती लागेल याचा हिशेब करेल, आणि शेडमधलं द्रावण वापरण्याजोगं आहे की नाही ते सांगेल' हे तपासता येतं. असं वाक्य हातात आलं की स्वाध्याय आपोआप ठरतो. स्वाध्याय ठरला की त्यासाठी कोणतं वाचन आणि कोणता व्हिडिओ लागतो तेही दिसतं. उरलेलं साहित्य चांगलं असलं तरी त्या मॉड्यूलचं नाही. तास-ए-गणेश हा वाण कसा पुढं आला, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही माहिती मुलांना आवडते. ती जरूर द्या, पण 'आवड असेल तर' या नावाच्या एका पानावर, अभ्यासक्रमाच्या अगदी तळाशी. डिपिंगच्या चाचणीत मानांकनाचं साल विचारू नका. स्वाध्याय हिशेबाचा आणि चाचणी पाठांतराची असली की मुलं चाचणीकडं बघून अभ्यास करतात आणि हिशेब तसाच राहतो.

डिपिंगचं मॉड्यूल नव्यानं असं दिसेल. ते चौथ्याचं सहावं का झालं ते पुढं सांगतो.

६.० या आठवड्यात
६.१ पाहा: द्रावण तयार करण्याचा क्रम (६ मिनिटं)
६.२ पाहा: घड बुडवताना आणि निथळताना (५ मिनिटं)
६.३ पाहा: द्रावण कमजोर झालं हे कसं ओळखायचं (६ मिनिटं)
६.४ वाचा: प्रमाण आणि हिशेब, सोडवलेली तीन उदाहरणं
६.५ करा: २०० लिटरचा हिशेब आणि शेडमधले चार फोटो (२० गुण)
६.६ तपासा: आठ प्रश्नांची चाचणी (१० गुण)

दहाही मॉड्यूलमध्ये पाहा, वाचा, करा, तपासा हे चार शब्द याच क्रमानं यावेत. एखाद्या सरांनी 'वाचा'च्या जागी 'अभ्यास साहित्य' लिहिलं तर ते सांगाडा राखणाऱ्या व्यक्तीनं न विचारता बदलावं, असं आधीच ठरवून घ्या. एखाद्या आठवड्यात चाचणी नसेल तर ती ओळ गाळू नका. 'तपासा: या आठवड्यात चाचणी नाही' असं लिहा. ओळ नसली की ती आपल्यालाच दिसत नाही की चाचणी मुळात नाहीच, हे मुलाला कळत नाही, आणि रात्री तुम्हाला फोन येतो.

'६.० या आठवड्यात' हे पान पाच ओळींचं ठेवा: शेवटी काय करता येईल, एकूण किती तास लागतील, हाताशी काय लागेल (वही, कॅल्क्युलेटर, शेडमध्ये जायची परवानगी), काय जमा करायचं, अडलं तर कुठं विचारायचं. प्रस्तावना, स्वागत, विषयाचं महत्त्व इथं नको. फोनच्या पडद्यावर पान न सरकवता मावलं पाहिजे.

स्वाध्यायाच्या पानावर गुणांची फोड आधीच द्या. डिपिंगसाठी हिशेबाचं उत्तर ८, पायऱ्या ४, फोटो ४ आणि निरीक्षणाच्या पाच ओळी ४ अशी फोड चालेल. १०० लिटर पाण्याला २.५ टक्के म्हणजे अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि १.५ टक्के म्हणजे दीड लिटर डिपिंग ऑइल. २०० लिटरला पाच किलो आणि तीन लिटर. इथं मुलांची चूक बहुधा दशांश चिन्हाची असते. ती पायऱ्यांमध्येच सापडते, म्हणून पायऱ्यांना वेगळे गुण हवेत. सहा शिक्षकांनी गुणांची फोड चार निकषांच्या याच साच्यात दिली, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही.

किती साहित्य? नगांवर जाऊ नका, तास मोजा. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका क्रेडिटला अध्ययनाचे ३० तास धरले आहेत. तुमचे दोन क्रेडिट म्हणजे ६० तास, दहा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सहा. डिपिंगच्या आठवड्याचा हिशेब साधारण असा बसतो: व्हिडिओ मिळून १७ मिनिटांचे, पण थांबवत, टिपणं काढत बघायला ४० मिनिटं, वाचन आणि उदाहरणं एक तास, शेडची भेट अडीच तास, स्वाध्याय लिहायला एक तास, चाचणी २० मिनिटं, शंका-चर्चा अर्धा तास. बेरीज बरोबर सहा. एखाद्या सरांचं मॉड्यूल अकरा तासांवर जात असेल तर काय काढायचं हा वाद मग आवडीनिवडीचा राहत नाही, बेरीज समोर असते.

व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ मुलं बहुतांशी पूर्ण पाहतात आणि लांबी वाढली की मध्येच सोडतात असं आढळलं. तुमच्याकडं चाळीस मिनिटांची व्याख्यानं असतील तर पुन्हा चित्रित करण्याची गरज नाही, मुद्दा संपतो तिथं कापा. कापताना 'मागच्या आठवड्यात आपण पाहिलं', 'चौथ्या मॉड्यूलमध्ये', 'येत्या सोमवारी' अशी वाक्यं निघाली पाहिजेत. क्रम बदलला की ती चुकीची ठरतात, आणि तुमचा क्रम तर बदलायचाच आहे.

का, ते सांगतो. जानेवारीत सुरुवात केली तर चौथा आठवडा महिनाअखेरीला येतो. आपल्याकडं बेदाण्याच्या शेडवर खरी गडबड फेब्रुवारी ते एप्रिल. जानेवारीत मुलाला 'शेडमधले चार फोटो' मागितले तर तो इंटरनेटवरून उतरवून देईल किंवा देणारच नाही. ज्याला शेडवर न जाता करता येतं ते आधी घ्या: वाणांची ओळख, शेडची रचना आणि रॅक, खर्चाचा ताळेबंद, सौदे कसे होतात, ब्रिक्स (द्राक्षातल्या साखरेचं प्रमाण) मोजणं. डिपिंग सहाव्या आठवड्याला, त्यानंतर वाळवण, गंधकाची धुरी, प्रतवारी, साठवण. मांडणी एकसारखी ठेवायची म्हणजे पुस्तकातला क्रम धरून बसायचं असं नाही.

निम्मे स्वाध्याय का आले नाहीत? मुलांना आळशी ठरवण्याआधी मूडलमध्ये तीन ठिकाणी बघा. माझा अंदाज आहे की गळतीचा मोठा भाग इथंच निघेल.

पहिलं, स्वाध्यायाच्या सेटिंगमध्ये 'सबमिट बटण दाबणं आवश्यक' हा पर्याय 'होय' असेल तर मुलानं फाइल चढवली तरी ती ड्राफ्ट, म्हणजे जमा न झालेली कच्ची प्रत, राहते. त्याला वाटतं काम झालं, तुम्हाला वाटतं आलंच नाही. सगळ्या सबमिशनची यादी उघडा आणि स्थितीच्या रकान्यात 'ड्राफ्ट' किती आहेत ते मोजा. हा पर्याय दहाही मॉड्यूलमध्ये 'नाही' करून टाका. एका मॉड्यूलमध्ये 'होय' आणि दुसऱ्यात 'नाही' असणं तर आणखी वाईट, कारण मुलाला सवयच लागत नाही.

दुसरं, फाइलची मर्यादा. मूडल ज्या पीएचपी या संगणक भाषेवर चालतं तिची मूळ मर्यादा प्रति फाइल २ एमबी असते. सर्व्हर उभारताना कुणी ती वाढवली नसेल तर फोनवरचा तीन-चार एमबीचा फोटो चढतच नाही, आणि लहान पडद्यावर त्याचा संदेश मुलाच्या नजरेतून सुटतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ती १० एमबी करायला सांगा. स्वाध्यायाच्या सेटिंगमध्ये फाइलची संख्या पाच ठेवा, म्हणजे चार फोटो आणि हिशेबाचं पान बसेल. मुलांनी हिशेब वहीत लिहून त्याचा फोटो दिला तरी चालेल असं स्पष्ट लिहा, कारण फोनवर पीडीएफ बनवणं अनेकांना अवघड जातं.

तिसरं, तारखा. मूडलमध्ये ड्यू डेट आणि कट-ऑफ डेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्यू डेटनंतरही स्वाध्याय घेतला जातो, फक्त उशिराची नोंद लागते. कट-ऑफनंतर दारच बंद. काही सरांनी एकच भरली असेल, काहींनी दोन्ही, आणि काहींनी तारीख फक्त व्हॉट्सअॅपवर सांगितली असेल. सगळीकडं एकच नियम करा: ड्यू डेट रविवारी रात्री ११.५९, कट-ऑफ त्यानंतर सात दिवसांनी. आणि तारीख लिहायची ती याच एका ठिकाणी. तिथून ती मुलांच्या कॅलेंडरमध्ये आपोआप जाते. 'या आठवड्यात'च्या पानावर, नोट्सच्या पीडीएफमध्ये, व्हिडिओत तारीख घालू नका. पुढच्या बॅचला एका जागी बदलते आणि तीन जागी जुनीच राहते.

कुलूप लावू नका, निदान सगळ्या साखळीला तरी नको. सहाव्या मॉड्यूलचा एक फोटो चढला नाही म्हणून सातवं, आठवं, नववं बंद पडलं, तर तो मुलगा अभ्यासक्रम सोडतो. ऐन हंगामात मुलं घरच्या शेडवर राबत असतात. ती एक आठवडा मागं पडणारच, त्यांना परत येता आलं पाहिजे. कुलूप फक्त शेवटच्या परीक्षेला लावा, दहापैकी किमान सात स्वाध्याय जमा असतील तर उघडेल असं. मूडलची आवृत्ती ही अट सरळ घेत नसेल तर शिक्षकानं यादी पाहून हातानं परवानगी द्यावी. कुलपाऐवजी प्रत्येक गोष्टीपुढं पूर्ण झाल्याची खूण दिसू द्या. 'पाहा' आणि 'वाचा' साठी मुलानं स्वतः खूण करायची, 'करा' आणि 'तपासा' साठी जमा झाल्यावर आपोआप. हेही दहा मॉड्यूलमध्ये एकसारखंच.

आता सहकाऱ्यांचं. 'सर, तुमची मांडणी चुकीची आहे' हे वाक्य कुणीच ऐकून घेत नाही, आणि त्याची गरजही नाही. एक बैठक बोलवा. प्रत्येकाला विद्यार्थ्याच्या लॉगिननं, स्वतःच्या फोनवर, दुसऱ्या सरांच्या मॉड्यूलमधली स्वाध्यायाची शेवटची तारीख आणि गुण शोधायला सांगा. बस्स. कुणाचंही नाव न घेता मुद्दा टेबलावर येतो. मग वाटणी करा. काय शिकवायचं, कोणतं उदाहरण, कोणता प्रश्न, हे पूर्णपणे त्या त्या शिक्षकाचं. शीर्षक, क्रमांक, क्रम, तारखा आणि सेटिंग हे समन्वयकाचं, म्हणजे तुमचं. हे एका पानावर लिहून प्राचार्यांची सही घ्या. केंद्र सरकारच्या स्वयम् मंचावरही प्रत्येक अभ्यासक्रम व्हिडिओ, वाचन साहित्य, चर्चा आणि मूल्यमापन अशा चार ठरलेल्या भागांत मांडावा लागतो, हेही बैठकीत सांगा. साचा तुमच्या मनातून आलेला नाही हे कळलं की ज्येष्ठांची हरकत बरीच कमी होते.

व्हॉट्सअॅप गट चालू राहू द्या, पण त्यावर फाइल टाकायची नाही, फक्त मूडलच्या पानाचा दुवा. एकाच नोट्सच्या तीन आवृत्त्या फिरायला लागतात त्या इथूनच. शंकांसाठीही अभ्यासक्रमाच्या माथ्यावर एकच चर्चा ठेवा, दहा नकोत. साठ मुलांत दहा ठिकाणच्या चर्चा ओस पडतात.

एक गोष्ट बहुतेक महाविद्यालयांत सुटते, ती मुद्दाम सांगतो. जुन्या नोट्स श्री-लिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर मूडलच्या पानावर चिकटवल्यावर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. म्हणून मग सगळे पीडीएफ करून टाकतात. त्या पीडीएफमध्ये 'कार्बोनेट' शब्द शोधला तर सापडत नाही, फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ज्या मुलाला दिसत नाही त्याचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूडलच्या 'पेज'मध्ये ठेवा. बदलताना जोडाक्षरं, रफार आणि आकडे बिघडतात, त्यामुळं प्रमाणांचे आकडे मूळ प्रतीशी एकेक करून ताडून पाहा. २.५ चं २५ झालं तर मुलगा शेडमध्ये दहापट पोटॅशियम कार्बोनेट ओतेल.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी दहा ओळींचा तक्ता करा: मॉड्यूल, उद्दिष्ट, स्वाध्याय, चाचणी, मिनिटं. तो सहाही जणांनी मान्य केल्याशिवाय मूडल उघडू नका. मग डिपिंगचं एकच मॉड्यूल पूर्ण करा आणि मागच्या बॅचमधल्या तीन-चार मुलांना फोनवर करायला द्या. तुम्ही शेजारी बसा, पण मदत करू नका. बोट कुठं थांबतं ते लिहून घ्या. तिथलं नाव किंवा सूचना बदला. मगच उरलेली नऊ मॉड्यूल त्या साच्यावर बेता. सुरुवातीच्या दिवशी पहिली चार पूर्ण असली तरी पुरे, पण दहाही शीर्षकं मुलांना दिसली पाहिजेत.

तपासताना मूडलमधली 'स्विच रोल' ची सोय पुरेशी नाही. तिच्यातून पान विद्यार्थ्यासारखं दिसतं, पण स्वाध्याय देणं, गुण दिसणं, खूण लागणं हे खऱ्या विद्यार्थ्याला जसं होतं तसं तपासता येत नाही. एक चाचणी-विद्यार्थी खातं उघडा आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये त्यातून एक फोटो चढवून बघा, तोही कॉलेजच्या वायफायवर नाही, मोबाइल डेटावर.

दुसरी बॅच संपल्यावर अभ्यासक्रमाचा बॅकअप घ्या. त्यात वापरकर्त्यांची माहिती वगळण्याचा पर्याय निवडा, म्हणजे जुन्या मुलांचे स्वाध्याय आणि गुण पुढच्या बॅचसोबत येणार नाहीत. तो नव्या अभ्यासक्रमात उघडताना सुरुवातीची तारीख बदलली की स्वाध्याय आणि चाचण्यांच्या तारखा तेवढ्याच दिवसांनी पुढं सरकतात. सरकल्यावर दहाही रविवार बरोबर पडले आहेत का आणि एखादा दिवाळीत किंवा विद्यापीठाच्या परीक्षेत येतो का, एवढं कॅलेंडर उघडून पाहून घ्या.